मत्स्यविशेष

संस्कृत कोशांवर ज्यांनीं टीका लिहिल्या त्या पंडितांविषयीं आमच्या मनांत मोठा आदर आहे. पण त्यांच्या एका संवयीबद्दल त्यांच्याशीं दोन शब्द बोलावे असें आम्हांस फार दिवस वाटत आलें आहे. मुळांत एखाद्या झाडाचें नांव आलें आणि तें झाड टीकाकाराच्या ओळखीचें नसलें, तर तो 'वृक्षविशेष' असें लिहून पुढें जातो. पक्षी आला तर 'पक्षिविशेष', मासा आला तर 'मत्स्यविशेष'. 'विशेष' या शब्दाचा इतका निर्विशेष उपयोग दुसऱ्या कोणीं केला नसेल. अमुक एक झाड, अमुक एक पांखरूं, अमुक एक मासा, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे अर्थ नाहींच. तथापि त्या शब्दानें अज्ञानाला असा कांहीं भारदस्तपणा येतो कीं, शिकविणारास संकोच वाटत नाहीं व शिकणारास शंका येत नाहीं. आम्ही स्वतः या शब्दाच्या छायेंत कितीएक वर्षें सुखानें नांदलों. त्या छायेंतून आम्हांस बाहेर कोणीं ओढलें व बाहेर आल्यावर काय दिसलें, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख. त्यांत आमची शोभा फारशी नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों.

१९७८ सालच्या सुमारास आम्ही वैनगंगेच्या कांठच्या एका गांवीं शाळामास्तर होतों. संस्कृत हा आमचा विषय. आणि अमरकोशांतील निदान एकदोन वर्ग तरी मुलांनीं पाठ करावे, हा अभ्यासक्रमाचा नव्हे तर आमचा हट्ट. त्या दिवशीं वारिवर्ग चालला होता. अमरसिंहानें त्यांत माशांचीं नांवें ओळीनें दिलीं आहेत, व पाठीन नांवाच्या माशास 'सहस्रदंष्ट्र' असें दुसरें नांव सांगितलें आहे. ज्यास सहस्र दाढा आहेत तो सहस्रदंष्ट्र, असा विग्रह आम्हीं फळ्यावर लिहिला, बहुव्रीहि कसा ओळखावा तें सांगितलें, आणि "पाठीन म्हणजे काय?" असें स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलें, "मत्स्यविशेष."

तेव्हां मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहिला. नदीच्या उतारावर ढिवरांची वस्ती होती, तेथून तो येत असे. तो म्हणाला, "गुरुजी, हा आमचा पढीन तर नाहीं? त्याच्या तोंडांत लई दांत राहतात."

वर्ग हंसला. त्या हंसण्याचें कारण त्याचा प्रश्न नव्हता. 'आमचा' हा शब्द होता. आम्हीं वर्गास थांबवावयास हवें होतें. त्याऐवजीं आम्हीं वर्गाच्या हंसण्यास एक कोटी पुरविली. "बाळ," आम्ही म्हणालों, "अमरकोशांतल्या माशाला बाजाराचा वास येत नसतो." वर्ग दुसऱ्यानें, आणि या वेळीं अधिक मोठ्यानें, हंसला. त्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत ती कोटी आम्हीं दोनदां सांगितली व दोन्ही वेळां तिची वाहवा झाली. मुलगा निमूटपणें खालीं बसला. पुढल्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडून दुसरा विषय घेतला, व पुढें आमचीही बदली झाली.

यानंतर पुष्कळ वर्षें गेलीं. निवृत्त होऊन आम्ही नागपुरास स्थाईक झालों. एके दिवशीं हिंदीच्या एका मोठ्या कोशांत भलताच शब्द शोधीत असतां 'पढ़िना' या शब्दावर दृष्टि गेली. बिनखवल्यांचा एक मासा, असा अर्थ. आणि व्युत्पत्ति संस्कृत 'पाठीन'. आम्ही पुस्तक मिटलें व कांहीं वेळ तसेच बसून राहिलों. दोन स्वरांमधल्या ठकाराचा प्राकृतांत ढकार होतो, हा नियम आम्ही दरवर्षीं शिकवीत असूं. पठनापासून पढणें, मठापासून मढी, पीठापासून पिढें, हीं उदाहरणें आम्हीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतलीं. त्याच नियमाचें चौथें उदाहरण एका मुलानें उभें राहून, न मागतां, आमच्या हातांत आणून दिलें होतें. आणि आम्हांस त्याचा वास आला!

मग आम्हांस त्या ओळींतील इतर माशांचाही पाठपुरावा करण्याची बुद्धि झाली, आणि आम्हीं ज्यांस विशेष म्हणून वाटेला लावीत होतों ते सगळे मासे बाजारांत आपापल्या नांवानिशीं जिवंत सांपडले. रोहित तो रोहू, हें तर उघडच आहे. मद्गुर तो मांगूर. शृंगी ती शिंगी. अमरसिंहानें शृंगीस मद्गुराची प्रिया म्हटलें आहे. आजचें प्राणिशास्त्र हा विवाह मान्य करीत नाहीं. मांगूर व शिंगी या दोन वेगळ्या जाती आहेत आणि दोहोंतही नर आहेत व माद्या आहेत. परंतु कोशकारानें त्यांची जोडी लावली तीही अगदींच निराधार नव्हे. दोघांच्याही अंगावर खवले नाहींत, दोघांसही मिशा आहेत, आणि दोघांनाही कल्ल्यांखेरीज हवेंतून श्वास घेण्याची सोय आहे. म्हणून आटत आलेल्या डबक्यांत, चिखलांत, जेथें दुसरा मासा तडफडून मरेल तेथें हें दांपत्य तग धरून राहतें. पाठीन हा त्यांचाच दूरचा आप्त. खवले त्यासही नाहींत व मिशा त्यासही आहेत. पण ही हवेची सोय मात्र त्याच्यापाशीं नाहीं. त्यास पाणीच चांगलें लागतें. या भेदाचें महत्त्व पुढें येईल.

या माशाचा मान एके काळीं लहान नव्हता. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत, हव्यकव्यांत चालतील असे जे मासे सांगितले आहेत त्यांत पाठीन व रोहित हे पहिले आहेत. तुलसीदासानें अयोध्याकांडांत, भरत गंगातीरीं आला तेव्हां निषादराज गुहानें त्याच्यापुढें ठेवण्यास ज्या भेटी जमविल्या त्यांत कहारांनीं भारेच्या भारे वाहून आणलेले पुष्ट पाठीन सांगितले आहेत. म्हणजे स्मृतिकार त्यास ओळखीत होता, कवि ओळखीत होता, आणि कावड वाहणारा कहार तर ओळखीतच होता. ओळखीत नव्हतों ते आम्ही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीं १८०१ सालीं यास आपल्या ग्रंथांत घेतलें. ब्लॉख हा १७९९ त वारला होता, त्याचें अपुरें काम श्नायडरनें पुरें करून छापलें. त्यांनीं मलबाराकडून आलेल्या या माशास तिकडचेंच 'आट्टू' हें नांव ठेवलें. केरळांत आजही यास आट्टुवाळ म्हणतात, आणि त्यांतील 'आट्टु' म्हणजे नदीचा. परदेशच्या पंडितांनीं देखील कोळ्याच्या तोंडचा शब्द घेतांना नाक मुरडलें नाहीं. पुण्याकडे यास शिवडा म्हणतात. आमच्या या बाजूस कोणी पढीन म्हणतात, कोणी पढन.

इतकें कळल्यावर तो मासा एकदां डोळ्यांनीं पाहावा असें आम्हांस वाटूं लागलें. आम्ही जन्मतः शाकाहारी. ज्या बाजाराच्या वासाची आम्हीं थट्टा केली होती, त्या बाजारांत, म्हणजे भोईपुऱ्यांत, आम्ही वयाच्या सत्तरीनंतर पहिल्यानें पाऊल टाकलें. उपरण्याचें टोंक नाकाशीं होतें हें कबूल केलें पाहिजे. "पढीन आहे का, बाई?" असें विचारतांच ती म्हणाली, "आज नाहीं आला, बाबूजी. कतला घ्या ना, ताजा आहे." दुसऱ्या दिवशीं तेंच उत्तर, आठ दिवसांनीं तेंच. चौथ्या खेपेस आमच्या पाठीमागून कोणीं तरी म्हणालें, "गुरुजी, तुम्ही अन् मासळी बाजारांत?" वळून पाहिलें तों केंस पिकलेला एक गृहस्थ पिशवी घेऊन उभा. त्यानें नांव सांगितलें. तो मागच्या बांकावरचा मुलगा होता. तो नागपुरांत नोकरी करून निवृत्त झाला होता. आम्ही काय शोधीत आहों हें आम्हीं त्यास सांगितलें. शोधीत कां आहों तें सांगण्याचा धीर झाला नाहीं. तो म्हणाला, "इथें नाहीं भेटणार. बाबाकडे चला. बाबा अजून गळ टाकतात."

त्याप्रमाणें गेल्या वैशाखांत आम्ही दोघे अंभोऱ्यास गेलों. कुही तालुक्यांतलें हें गांव नद्यांच्या संगमाबद्दल प्रसिद्ध आहे. टेकडीवर चैतन्येश्वराचें देऊळ आहे, आणि मुकुंदराजाचा विवेकसिंधु याच परिसरांत रचला गेला असें कित्येक अभ्यासक मानतात. पूर्वी येथें वैनगंगा उन्हाळ्यांत वाळूंतून वाहत असे. आतां गोसीखुर्दच्या धरणाचें पाणी येथवर पसरलें आहे. १९८८ सालीं त्या धरणाचा पाया घातला गेला. आज देवळापासून पाहिलें तर नदी दिसत नाहीं, सरोवर दिसतें. पाहणारास तें फार सुंदर वाटतें, व आम्हांसही वाटलें. मुलाचा बाप कांठाशीं बसला होता. वय पंचाऐंशीच्या घरांत, दृष्टि मंद; पण हात दोरीच्या गांठी न पाहतां मारीत होते. त्यानें रात्रीं लावलेल्या गळांपैकीं एकास पढीन लागला होता. "तुमच्या नशिबानं लागला, गुर्जी," तो म्हणाला. "या सालांत हा दुसराच."

मासा हातभर लांबीचा होता. याहून फार मोठे होतात. जुन्या नोंदींत आठ फुटांपर्यंत लांबी सांगितलेली आढळते. अंगावर एक खवला नाहीं. पाठ करडी, कुशी रुपेरी, आणि सर्व शरीर दोहों बाजूंनीं दाबल्यासारखें चपटें. पाठीवरचा पर इतका लहान कीं, घडविणारानें आयत्या वेळीं आठवण होऊन लावला असावा. उलट पोटाखालचा पर सत्तरांहून अधिक बारीक काड्यांचा, झालरीसारखा थेट शेपटीपर्यंत गेलेला. मिशांच्या दोन जोड्या. वरची लांबलचक, खालची आंखूड. पण पाहणाराची नजर ठरते ती तोंडावर. तोंडाची चीर डोळ्याच्याही मागेंपर्यंत गेलेली असते, त्यामुळें मासा निवांत पडला असतांही एखाद्या गोष्टीनें थक्क झाल्यासारखा दिसतो. दिवसा तो खोल डोहांत कांठाच्या आडोशास पडून असतो आणि रात्रीं शिकारीस निघतो. मासे, बेडूक, झिंगे, जें या तोंडांत मावेल तें त्याचें भक्ष्य. स्वजातीच्या पिलांचाही त्यास विधिनिषेध नाहीं. म्हणूनच ज्यांना तळ्यांत रोहू-कतला वाढवावयाचे असतात ते यास तळ्यांत येऊं देत नाहींत.

म्हाताऱ्यानें काडीनें त्याचा जबडा उघडला व म्हटलें, "बोट फिरवा." आम्हीं भीत भीत बोट फिरविलें. वेगळा असा एकही दांत बोटास लागला नाहीं. कानशीवरून हात फिरवावा तसें वाटलें. दांत म्हणजे बारीक कांट्यांचे दाट पट्टे, सगळे आंतल्या बाजूस झुकलेले. आंत गेलेली वस्तु बाहेर येऊं नये अशी रचना. मोजणें अशक्य. ज्यास मोजावयाचे असतील त्यानें 'सहस्र' म्हणावें व थांबावें. त्या क्षणीं आम्हांस एक गोष्ट कळली, जी तीस वर्षें विग्रह शिकवून कळली नव्हती. 'सहस्रदंष्ट्र' हा शब्द कोणा पंडिताला बसल्या जागीं सुचणें शक्य नाहीं. लांबून पाहणारास या माशाचें तोंड दिसेल, दांत दिसणार नाहींत. ज्यानें हें नांव प्रथम उच्चारलें त्यानें या जबड्यांत बोट घातलें असलें पाहिजे, आणि तसें बोट घालण्याचा प्रसंग कोशकारावर येत नाहीं, गळ सोडविणारावर येतो. अमरसिंहानें तो शब्द ऐकून लिहून घेतला. आमच्याही वर्गांत तो बोलला गेला होता. आम्हीं लिहून घेतला नाहीं, इतकाच काय तो अमरसिंहांत व आमच्यांत फरक!

म्हातारा बोलूं लागला तेव्हां आम्हीं वही काढली. पढीन फार ऐकतो, असें तो म्हणाला. वल्ह्याचा आवाज झाला कीं डोह सोडतो. शास्त्रही त्याच्याच बाजूचें आहे. वेबर नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८२० सालीं दाखविलें कीं, रोहूसारख्या व या मिशाळ माशांसारख्या जातींत पोटांतील हवेची पिशवी व कान यांस जोडणारी लहान हाडांची एक मालिका असते, व तिच्यामुळें त्यांस ऐकूं चांगलें येतें. पहिल्या पुराबरोबर पढीन जोडीनें उथळ पाण्यांत, बुडालेल्या गवतांत चढून येतो व तेथें अंडीं घालतो, हेंही त्यानें सांगितलें. "अन् तेव्हाच लोक मारतात, गुर्जी. पोटांत अंडे, अन् अंगांत भान नाहीं. आम्हीबी मारले. खोटं कायले बोलू?"

"आणि आतां?" आम्हीं विचारलें.

त्यानें पाण्याकडे हात केला. "आता पानी चालतेच नाहीं. चढन कोनीकडे, उतरन कोनीकडे, त्याले समजत नाहीं."

धरणाच्या पाण्यांत हा मासा मुळींच राहत नाहीं असें नव्हे. जलाशयांतही तो सांपडतो. पण ज्या चिन्हावर त्याचा संसार उभा आहे, तें चिन्ह म्हणजे पाण्याची ओढ आणि चढता पूर. तें पुसट झालें. त्यांतच आमच्या नगराचा उपकार. नागपूर पितें कन्हानेचें व पेंचेचें पाणी. परत करतें तें नाग नदीच्या रूपानें. नाग जाऊन कन्हानेस मिळते, कन्हान वैनगंगेस, आणि तें सर्व येऊन या स्थिर पाण्यांत थांबतें. शुद्धीकरणाचीं यंत्रें बसलीं आहेत. पण सगळें सांडपाणी शुद्ध होऊन जातें असें नाहीं. मांगूर व शिंगी अशा पाण्यांत तोंड वर काढून हवा घेतील. सहस्र दाढांच्या या शूराला ती युक्ति येत नाहीं. २०१९ सालीं जागतिक निसर्गसंरक्षण संघानें आपल्या यादींत त्याची गणना संकटग्रस्त होऊं घातलेल्या जातींत केली. आमच्या स्नानगृहांतून गडगडत जाणारें पाणी कोणाच्या घरीं जातें, हा प्रश्न आम्हीं त्यापूर्वी कधीं स्वतःस विचारला नव्हता. कोशांतल्या माशाला बाजाराचा वास नसतो, असें म्हणणारास नदींतल्या माशाला आपला वास लागतो हें तेथें बसून समजलें.

निघतांना आम्हीं म्हाताऱ्यास म्हटलें, "बाबा, तुमच्या मुलाचा आम्हीं एकदां वर्गांत अपमान केला होता. तो तुम्हांस ठाऊक आहे कीं नाहीं, कोण जाणे." मुलगा मध्येंच म्हणाला, "जाऊं द्या ना, गुरुजी." पण म्हातारा मान हलवीत होता. "अपमान? कोनता? एक दिवस पोट्टा शाळेतून पळत आला होता जी. म्हने, बाबा, आपला पढीन पुस्तकांत आहे. संस्कृतच्या पुस्तकांत. गुर्जींनी सांगितलं. रातभर त्याच्या मायले तेच सांगे."

आम्हीं मुलाकडे पाहिलें. साठी उलटलेला तो मुलगा होडीच्या दोरीशीं उगाच चाळा करीत होता. घरीं नेतांना त्यानें अर्धीच गोष्ट नेली होती, आणि अर्धी आपल्यापाशीं ठेवली होती. नेली ती अर्धी आमच्या नांवावर. आम्हांस बोलण्यासारखें कांहीं सुचलें नाहीं. परतीच्या वाटेवर त्यानें सांगितलें कीं, त्याच्या नातवास रोहू व कतला एवढींच नांवें येतात. तीं बाजारांत ऐकलेलीं. पढीन त्यानें पाहिलेला नाहीं.

घरीं आल्यावर आम्हीं आमची जुनी अमरकोशाची प्रत काढली. वारिवर्गांत, पाठीनापुढें, तरुणपणीं आम्हींच सुवाच्य अक्षरांत लिहिलेला 'मत्स्यविशेष' हा शब्द होता. त्यावर रेघ मारून आम्हीं 'पढीन' असें लिहिलें, व खालीं सांगणाराचें नांव घातलें. हें काम १९७८ त व्हावयाचें तें आतां झालें. नदींतून तो मासा गेला, तर पुढें कोणी अभ्यासक तें पान उघडील, 'पढीन' म्हणजे काय म्हणून इकडे तिकडे विचारील, आणि कोणी सांगणारा न भेटल्यामुळें समासांत पेन्सिलीनें पुन्हां तोच जुना शब्द लिहील. त्या वेळीं मात्र त्यास कोणीं हंसूं नये. त्याचें म्हणणें खरें असेल.